फूल आलं म्हणजे फळ येतंच का? चार्ल्स डार्विन यांची एक वेगळी ओळख



परागीभवनाचा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. वारा, पाणी, कीटक, पक्षी ही माध्यमं फळ्यावर लिहून देतो, मुलं ती वहीत उतरवतात आणि परीक्षेत बरोबर लिहितात. मलाही बरीच वर्षं एवढं पुरेसं वाटायचं. मग एका पावसाळ्यात मुलांनी शाळेच्या कुंपणाला लाल भोपळ्याचा वेल लावला. वेल जोमाने वाढला, फुलंही भरपूर आली. मादी फुलांच्या खाली सुपारीएवढे बारके भोपळे दिसले तेव्हा मुलं आनंदाने नाचली. पण आठवडाभर पावसाची झड लागली आणि ते बारके भोपळे एकेक करून पिवळे पडून गळाले.

तेव्हा सातवीतल्या एका मुलीने मला विचारलं की माशी आलीच नाही तर झाडाने काय करायचं? खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकात माध्यमं दिलेली असतात, पण माध्यम आलंच नाही तर काय होतं हे कुठे दिलेलं नसतं.

हाच प्रश्न आयुष्यभर ज्यांच्या मनात घोळत राहिला अशा माणसाची गोष्ट आज सांगणार आहे. नाव तुम्हाला चांगलं माहीत आहे, चार्ल्स डार्विन. आपण त्यांना उत्क्रांतीच्या पाठात भेटतो. माकड, माणूस आणि लांब पांढरी दाढी एवढंच मुलांच्या लक्षात राहतं. पण याच डार्विन यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं फुलांपुढे गुडघे टेकून, हातात बारीक कुंचला घेऊन घालवली. आणि त्यामागे त्यांच्या घरातलं एक दुखणं होतं.

शाळेत न रमलेला मुलगा

चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावात झाला. वडील नावाजलेले डॉक्टर होते. आई सुझाना तो आठ वर्षांचा असताना गेली. शाळेत त्याला जुन्या भाषांची कवनं पाठ करावी लागत आणि त्यात त्याचं मन रमत नसे. किडे गोळा करणं, भावाबरोबर घरच्या छोट्या प्रयोगशाळेत रसायनं तापवणं हे त्याचे आवडते उद्योग. त्यावरून मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली. हा पोरगा घराण्याचं नाव घालवणार अशी वडिलांनाही चिंता होती. १८२५ मध्ये त्याला एडिंबरोला डॉक्टरकी शिकायला पाठवलं. तिथे भूल न देता केलेली शस्त्रक्रिया पाहून तो बाहेर पळाला आणि ते शिक्षण अर्धवट सोडलं. मग केंब्रिजला धर्मोपदेशक होण्यासाठी पाठवलं. तिथे त्याने पुस्तकांपेक्षा भुंगेरेच जास्त गोळा केले.

पालकहो, आपल्या घरात असं एखादं मूल असेल तर हा भाग जरा सावकाश वाचा.

२७ डिसेंबर १८३१ रोजी बीगल जहाजावरून चार्ल्स निघाला आणि २ ऑक्टोबर १८३६ रोजी परत आला. हा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मी तो इथे सांगत बसत नाही. आपली गोष्ट त्यानंतर सुरू होते.

मामेबहिणीशी लग्न आणि एका मास्तरांचं पुस्तक

२९ जानेवारी १८३९ रोजी डार्विन यांचं लग्न एम्मा वेजवुड यांच्याशी झालं. एम्मा म्हणजे त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडे अनेक घरांत मामाच्या मुलीशी लग्न होतं, तसंच इंग्लंडच्या सुखवस्तू घरांतही तेव्हा चालायचं. लग्न सुखाचं झालं. १८४२ मध्ये ते दोघं लंडनजवळच्या डाउन नावाच्या खेड्यात राहायला गेले आणि डार्विन शेवटपर्यंत तिथेच राहिले.

त्याच सुमारास, १८४१ साली, रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या सांगण्यावरून त्यांनी एक जुनं जर्मन पुस्तक वाचलं. ते १७९३ सालचं होतं आणि लेखक होते ख्रिश्चन कोनराड श्प्रेंगेल. हे श्प्रेंगेल म्हणजे आपल्यासारखेच मास्तर! श्पांडाऊ गावातल्या शाळेचे ते मुख्याध्यापक. रानातल्या एका फुलाच्या पाकळ्यांच्या तळाशी बारीक केस दिसले तेव्हा त्यांना प्रश्न पडला की हे कशासाठी? पावसाने मध पातळ होऊ नये म्हणून असावेत, असं त्यांनी उत्तर काढलं. मग हा मध कुणासाठी, असं करत करत त्यांनी शेकडो फुलं तपासली. फुलाचा रंग, वास, पाकळीवरच्या रेघा ही सगळी कीटकाला दिलेली बोलावणी आहेत हे त्यांनी दाखवून दिलं. कित्येक फुलांत पुंकेसर आणि कुक्षी एकाच वेळी तयार होत नाहीत, त्यामुळे फुलाला स्वतःचे पराग वापरताच येत नाहीत, हेही त्यांनी पाहिलं. पुस्तक छापलं, पण फारसं कुणी विचारलं नाही. पुढच्याच वर्षी मुख्याध्यापकाची जागाही गेली. १८१६ मध्ये ते वारले.

ते पुस्तक डार्विन यांनी पंचवीस वर्षांनी मन लावून वाचलं. मात्र त्यांना त्यात एक गोष्ट अपुरी वाटली. फूल स्वतःचे पराग टाळतं हे श्प्रेंगेल यांनी दाखवलं, पण का टाळतं? घरातच पराग असताना परक्याच्या भरवशावर राहण्यात फुलाचा फायदा काय? पाहुणा आला नाही तर बी धरणारच नाही, एवढा धोका फूल का पत्करतं?

मुलं, माश्या आणि जाळी

डाउनचं घर मुलांनी भरलेलं होतं. डार्विन आपल्या प्रयोगांत मुलांनाही ओढायचे. बंबल बी म्हणजे केसाळ, गुबगुबीत अशी मोठी माशी. तिचे नर ठरावीक वाटेने उडतात हे डार्विन यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी पाच-सहा मुलांना त्या वाटेवर अंतराअंतराने उभं केलं. माशी दिसली की मुलाने ओरडायचं, की पुढचा सावध! माशी ओळखता यावी म्हणून तिच्यावर पीठही भुरभुरवलं जायचं. विज्ञानाचा तास असा असेल तर कोणत्या मुलाला कंटाळा येईल, सांगा बरं?

माशीचं महत्त्व मोजण्यासाठी त्यांनी साधं साधन वापरलं, ते म्हणजे बारीक जाळी. आपल्याकडे दुभत्या जनावरांना बरसीम घालतात, त्याच्याच गणातलं क्लोव्हर नावाचं गवत इंग्लंडमध्ये चाऱ्यासाठी पेरतात. पांढऱ्या क्लोव्हरच्या २० फुलगुच्छांना माश्या येऊ दिल्या तेव्हा २,२९० बिया मिळाल्या. दुसरे २० गुच्छ जाळीखाली ठेवले, तिथे एकही बी नाही. लाल क्लोव्हरच्या १०० गुच्छांत २,७०० बिया, आणि जाळीखालच्या १०० गुच्छांत पुन्हा शून्य.

या शून्याकडे मुलांचं लक्ष वेधा. झाडं तीच, माती तीच, पाणी तेच. फक्त माशी नाही.

पुढे त्यांनी १८५९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात ही साखळी आणखी लांबवली. लाल क्लोव्हरला मुख्यतः बंबल बी लागते. बंबल बीची घरटी उंदीर उद्ध्वस्त करतात. उंदरांना मांजरं खातात. म्हणजे गावात मांजरं किती यावर शेतातलं क्लोव्हर अवलंबून असू शकतं! अन्नसाखळी शिकवताना हे उदाहरण जरूर सांगा.

प्रिमुला नावाच्या फुलातही त्यांना असंच काही सापडलं. त्याच्या काही झाडांवर लांब कुक्षीवृंताची फुलं येतात, काहींवर आखूड. गावातल्या पोरांना हा फरक कधीचाच माहीत होता, कारण माळ ओवायला लांब कुक्षीवृंताचीच फुलं सोयीची पडतात. डार्विन यांनी ही गोष्टसुद्धा आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवली. या दोन प्रकारच्या झाडांत परागांची अदलाबदल झाली तर भरपूर बी धरतं, एकाच प्रकारात झाली तर कमी, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केलं.

एक फूटभर लांब सोंड

१८६२ मध्ये त्यांनी ऑर्किडवर, म्हणजे आपण आमरी म्हणतो त्या फुलांवर, पुस्तक लिहिलं. मादागास्करमधल्या एका पांढऱ्या ऑर्किडची फुलं त्यांच्याकडे आली होती. त्या फुलाच्या मागे साडेअकरा इंच लांब नळी, आणि मध फक्त तिच्या तळाशी. डार्विन यांनी लिहून टाकलं की तिथे तेवढी लांब सोंड असलेला पतंग असलाच पाहिजे. काही लोक हसले. त्यांच्या हयातीत तो पतंग कुणाला सापडला नाही. १९०३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं, डार्विन गेल्यावर एकवीस वर्षांनी.

विचार करा, एका फुलाने आपलं सगळं भवितव्य एकाच पतंगाच्या सोंडेवर टाकलेलं! पतंग संपला की फूलही संपेल.

पण त्याच अभ्यासात त्यांना इंग्लंडमधलं बी ऑर्किड भेटलं. हे फूल दिसायला अगदी माशीसारखं. त्याच्या परागपिंडांचे देठ लांब आणि नाजूक असतात. फूल उमललं की ते वाकतात, परागपिंड कुक्षीसमोर लोंबतात आणि वाऱ्याच्या झुळकेने तिला चिकटतात. माशीची गरजच नाही. जवळजवळ प्रत्येक फुलाला बी धरतं. डार्विन बुचकळ्यात पडले. परपरागण इतकं चांगलं असेल तर हे फूल स्वतःवरच का भागवतं?

घरातली भीती

आता त्या दुखण्याकडे येऊ. डार्विन आणि एम्मा यांना दहा मुलं झाली. त्यातली तीन लहानपणीच गेली. पहिली मेरी, अवघ्या तीन आठवड्यांची. मग लाडकी ॲनी, १८५१ च्या एप्रिलमध्ये, दहा वर्षांची असताना. वडिलांनी तिच्या उशाशी बसून दिवस काढले होते. तिच्या जाण्यातून ते कधी पूर्ण सावरले नाहीत. आणि १८५८ मध्ये धाकटा चार्ल्स, दीड वर्षाचा. स्वतः डार्विन यांनाही वर्षानुवर्षं उलट्या, थकवा, धडधड असा त्रास होता. उरलेल्या मुलांपैकी कुणी आजारी पडलं की त्यांच्या मनात एकच विचार यायचा. मी मामेबहिणीशी लग्न केलं, त्याची शिक्षा ही लेकरं तर भोगत नाहीत ना?

अशात बागेत एक गोष्ट घडली. लिनारिया नावाच्या पिवळ्या फुलांच्या रोपांचे दोन वाफे त्यांनी दुसऱ्याच कामासाठी लावले होते. एका वाफ्यात स्वपरागणाच्या बियांची रोपं, दुसऱ्यात परपरागणाच्या. दुसऱ्या वाफ्यातली रोपं डोळ्यांना दिसतील इतकी उंच आणि तरतरीत निघाली. एकाच पिढीत एवढा फरक पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पुढे कार्नेशनच्या रोपांतही तेच दिसलं. मग मात्र त्यांनी हा विषय धसाला लावायचं ठरवलं.

अकरा वर्षांचा प्रयोग

पद्धत बघा, आपल्या शाळेतही जमेल अशी. दोन्ही प्रकारच्या बिया ओल्या वाळूत रुजवायच्या. एकाच वेळी अंकुरलेल्या दोन बिया घेऊन एकाच कुंडीत समोरासमोर लावायच्या, एका बाजूला स्वपरागणाची, दुसऱ्या बाजूला परपरागणाची. माती, पाणी, ऊन सगळं सारखं. मग उंची मोजायची. फुलं आली की जाळी टाकून माश्या बाहेर ठेवायच्या आणि परागीभवन आपल्या हाताने करायचं. आपल्या कुंपणावरच्या गारवेलीच्या जातकुळीतल्या एका वेलाच्या त्यांनी अशा दहा पिढ्या वाढवल्या. सरासरी उंची निघाली १०० ला ७७. परपरागणाचा वेल १०० धरला तर स्वपरागणाचा ७७.

पण सहाव्या पिढीत स्वपरागणाचा एक वेल जोडीदारापेक्षा अर्धा इंच वर गेला! ही नोंद त्यांनी लपवली नाही. उलट त्या वेलाला हीरो असं नाव दिलं, त्याचं बी धरलं आणि त्याची संततीही मोजली. तीही जोमदार निघाली.

हे चालू असतानाच १८७० मध्ये त्यांनी आपले शेजारी आणि खासदार असलेल्या जॉन लबक यांच्यामार्फत एक मागणी केली. १८७१ च्या जनगणनेत चुलत-मामे भावंडांच्या लग्नाबद्दल एक प्रश्न घालावा, म्हणजे खरी आकडेवारी मिळेल. संसदेत हशा झाला आणि मागणी फेटाळली गेली. तेव्हा मुलगा जॉर्ज याने स्वतः माहिती जमवली आणि १८७५ मध्ये निष्कर्ष मांडला की अशा लग्नांतला धोका आहे, पण लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी. ज्या लग्नाबद्दल वडिलांना अपराधी वाटत होतं, त्याच लग्नाच्या मुलाने काढलेलं हे उत्तर!

झाडाने काढलेला विमा

१८७६ मध्ये सगळे प्रयोग पुस्तकात आले. ५७ जातींच्या वनस्पतींवर केलेलं काम त्यात होतं. बहुतेकांत परपरागणाची संतती जास्त उंच, जास्त जोमदार, जास्त बी देणारी. श्प्रेंगेल मास्तरांच्या पुस्तकात राहून गेलेलं उत्तर इथे मिळालं. फूल पाहुण्याचा धोका पत्करतं ते पुढच्या पिढीच्या जोमासाठी.

पण डार्विन तिथे थांबले नाहीत. जोमदार बी धरणं चांगलं, पण बीच न धरण्यापेक्षा साधं बी धरलेलं कितीतरी बरं, हेही त्यांनी मांडलं. म्हणून अनेक झाडं दोन्ही वाटा राखून ठेवतात. रानटी व्हायोलेट वसंतात रंगीत फुलं उमलवतं, माश्यांची वाट पाहतं आणि नंतर कधीच न उघडणाऱ्या बंद कळ्यांतून हमखास बी धरतं. आपल्या बांधावरचा केना उपटून बघा. वर निळी फुलं असतात आणि जमिनीखालीसुद्धा बंद फुलं असतात, ती स्वतःच्याच परागांवर बी करतात. म्हणून तर केना निंदून निंदून हात दुखतात, तरी तो हटत नाही.

पिकांकडे याच नजरेने बघा. गहू, भात, हरभरा, भुईमूग ही पिकं बहुतेक स्वतःच्या परागांवर भागवतात. भोपळा, काकडी, कारलं यांत नर आणि मादी फुलं वेगळी, तिथे माशी हवीच. कांद्याचं बियाणं घेणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, गोंड्यांवर माश्या नसतील तर बी भरत नाही हे तो सांगेल. वाटाणाही स्वतःवरच भागवणारा. त्या भरवशावरच ग्रेगोर मेंडेल यांनी त्याची निवड केली होती. त्यांचा शोधनिबंध १८६६ सालीच छापून आला होता. जवळच्या नात्यात दडलेले दोष एकत्र का येतात याची किल्ली त्यात होती, पण डार्विन यांच्यापर्यंत तो पोहोचला नाही. मनातल्या भीतीचं पूर्ण उत्तर न मिळताच १९ एप्रिल १८८२ रोजी ते गेले. त्यांची सात मुलं मात्र मोठी झाली, तीन मुलगे तर रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१८८५ मध्ये एक घटना घडली. न्यूझीलंडमध्ये इंग्रज शेतकरी लाल क्लोव्हर पेरत होते, पण बी पुरेसं धरत नव्हतं. तिथे बंबल बी नव्हतीच! शेवटी इंग्लंडहून जहाजाने बंबल बी नेऊन सोडल्या. त्या तिथे रुजल्या आणि क्लोव्हरचं बी हाती येऊ लागलं. जाळीखालच्या त्या शून्याचा अर्थ एका देशाने शेतात अनुभवला.

आपल्या शाळेत काय करता येईल?

पुढच्या पावसाळ्यात भोपळ्याचा वेल लावा. उद्या उमलणाऱ्या मादी कळ्या आदल्या संध्याकाळी ओळखा, त्यांच्याखाली बारकं फळ असतं. काही कळ्या तशाच मोकळ्या ठेवा. तेवढ्याच कळ्यांना पातळ कापडाची पिशवी बांधा आणि ती काढू नका. आणखी तेवढ्यांना पिशवी बांधा, पण सकाळी लवकर नर फूल तोडून त्याचा परागकोश मादी फुलाच्या कुक्षीला अलगद लावा आणि पिशवी परत बांधा. तारीख लिहा. आठवड्याने किती फळं टिकली ते मुलांनाच मोजू द्या. अपेक्षेपेक्षा वेगळं काही निघालं तर तेही लिहायला सांगा, हीरोची आठवण करून द्या.

आमच्या शाळेत त्या मुलीने दुसऱ्या वर्षी हा प्रयोग केला. पिशवीतली सगळी फळं गळाली. हाताने पराग लावलेल्या पाच फुलांपैकी तीन भोपळे मोठे झाले. त्यातल्या एकाची भाजी मध्यान्ह भोजनात झाली, आणि उरलेल्या दोघांचं बी तिने कागदाच्या पुडीत बांधून विज्ञानाच्या कपाटात ठेवलं आहे.